न वाचणाऱ्या मुलाचे पुस्तक

स्मरणिकेत यशाविषयी लिहावे असा प्रघात आहे. शालान्त परीक्षेत चमकलेले विद्यार्थी, नोकरीत मोठ्या पदांवर पोहोचलेले माजी विद्यार्थी, दात्यांची नामावली, नव्या वसतिगृहाची छायाचित्रे हे सारे या अंकात अन्यत्र आले आहे आणि ते यायलाच हवे. ग्रंथालयाचे काम पाहणारे आम्ही काही शिक्षक मात्र या पानांवर आमची एक चूक आणि त्या चुकीतून आम्हाला मिळालेला धडा मांडू इच्छितो. माजी विद्यार्थी बंधुभगिनींनी आणि पालकांनी तो आपल्या अनुभवाशी ताडून पाहावा, एवढीच अपेक्षा आहे.

गोष्ट एका मुलाची आणि एका पुस्तकाची आहे. मुलाचे नाव आम्ही देत नाही. तो अजून आपल्या वसतिगृहात आहे आणि आपल्यावर लेख लिहिला गेला हे त्याला फारसे आवडणार नाही. पुस्तकाचे नाव आहे ‘द हंगर गेम्स’. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ही कुमारवयीन वाचकांसाठीची कादंबरी 2008 साली प्रसिद्ध झाली.

मुलगा तेव्हा नववीत होता. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळी आटोपली की बिऱ्हाड गाडीत भरून कारखान्याच्या फडावर जायचे आणि उन्हाळा लागल्यावर परतायचे, हा घरचा क्रम. शाळा सुटू नये म्हणून त्याला पाचवीत आपल्याकडे आणून घातले. वागायला साधा, कबड्डीत चपळ, कामाला कधी नाही न म्हणणारा. परंतु पुस्तकाचे नाव काढले की त्याचा चेहरा उतरत असे. चार वर्षांच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे तीन पुस्तकांची नोंद होती आणि तिन्हींची तारीख 15 ऑक्टोबरच्या आसपासची, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाची. त्या दिवशी प्रत्येकाने पुस्तक हातात धरलेच पाहिजे, असा आमचा दंडक होता. तिन्ही पुस्तके दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परत आली होती.

त्याला वाचता येत नव्हते असे नाही. वर्तमानपत्रातले क्रिकेटचे पान तो उभ्या उभ्या वाचून काढी. वडिलांना मुकादमाकडून मिळालेल्या उचलीचा कागद घरात तोच वाचून दाखवीत असे. तरीही आम्ही त्याला ‘वाचनाची आवड नसलेला विद्यार्थी’ ठरवून मोकळे झालो होतो. तशा मुलांची एक यादीच आमच्याकडे होती.

त्या यादीपेक्षा आमच्या ग्रंथालयाकडे आधी पाहायला हवे होते, हे आता कळते. कपाटांना कुलूप असे आणि किल्ली कार्यालयात. शनिवारी एक तास कपाटे उघडत. पुस्तक नेले की सारांशवही भरून द्यावी लागे: लेखकाचे नाव, मुख्य पात्रे, बोध. कोणी दंगा केला तर त्याला ग्रंथालयात बसवून दहा पाने उतरवून काढायला लावण्याची पद्धतही होती. ज्या खोलीत शिक्षा भोगायची, त्याच खोलीवर मुलांनी प्रेम करावे अशी आमची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही, याचे खापर आम्ही मुलांवर फोडत राहिलो.

भाद्रपदातली एक संध्याकाळ. पावसाने वीज गेली होती आणि रात्रअभ्यासाला बसलेल्या साठ-सत्तर मुलांना शांत कसे ठेवावे हा प्रश्न होता. आमच्यातील इंग्रजीच्या शिक्षिकांनी अंधारातच एक गोष्ट सांगायला घेतली. एका माजी विद्यार्थ्याने पाठवलेल्या पुस्तकांच्या खोक्यात ही कादंबरी आली होती आणि बाईंनी तिची पहिली काही प्रकरणे नुकतीच वाचली होती. त्यांनी पहिले प्रकरण मराठीत सांगितले. पॅनेम नावाचा एक देश. मध्ये धनाढ्य राजधानी, कॅपिटॉल. भोवती राबणारे बारा जिल्हे. फार वर्षांपूर्वी जिल्ह्यांनी बंड केले होते, त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याने चिठ्ठ्या टाकून एक मुलगा आणि एक मुलगी राजधानीला द्यायची. वय बारा ते अठरा. अशी चोवीस मुले एका रिंगणात सोडली जातात. एकच उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचे आणि साऱ्या देशाने ते दूरदर्शन संचावर पाहायचे. बाराव्या जिल्ह्यातल्या, कोळशाच्या खाणीच्या वस्तीतल्या कॅटनिस या सोळा वर्षांच्या मुलीची ही कथा आहे. चिठ्ठी काढली जाते आणि नाव निघते ते कॅटनिसचे नव्हे. तिच्या बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीचे. नेमक्या तेथेच वीज आली आणि बाई थांबल्या.

दुसऱ्या दिवशी, शनिवार नसताना, तो मुलगा कार्यालयाच्या दारात उभा होता. “बाई, ते पुस्तक मला मिळंल का?” बाईंनी सांगितले की पुस्तक इंग्रजीत आहे, जाड आहे. तो म्हणाला, “असू द्या. मी बघतो.”

पहिल्या प्रकरणाला त्याला अकरा दिवस लागले. शेजारी शब्दकोश, एक जुनी वही आणि प्रत्येक पानावर अडलेले वीस-पंचवीस शब्द. आमच्या अंदाजाने तो चौथ्या दिवशी पुस्तक परत करणार होता. त्याने ते केले नाही. यात लेखिकेचे कौशल्यही आहे. कथा मुलगी स्वतः सांगते आणि वर्तमानकाळात सांगते. वाक्ये छोटी आहेत. प्रकरण अशा जागी संपते की पुढचे उघडल्यावाचून चैन पडत नाही. पुस्तकाचे तीन भाग आणि प्रत्येकात नऊ प्रकरणे आहेत. पहिला भाग त्याने दिवाळीपर्यंत संपवला, उरलेले दोन त्याहून बरेच लवकर.

दरम्यान वसतिगृहात एक वेगळीच गोष्ट सुरू झाली होती. जेवणानंतर आठ-दहा मुले त्याच्या खाटेभोवती जमू लागली. त्या दिवशी जेवढे वाचून झाले असेल तेवढे तो मराठीत सांगे. एका मुलाने विचारले, “मग आपला जिल्हा कितवा रे?” त्यावर बराच वेळ हशा आणि मग बरीच गंभीर चर्चा झाली, असे गृहपालांनी आम्हाला सांगितले. ज्या मुलाला वर्गात उभे राहून चार ओळी वाचायचा संकोच होता, तो रोज अर्धा तास एक परकी कादंबरी आपल्या बोलीत सांगत होता.

याच काळात त्याने गणिताच्या तासाला फळ्यावर जे मांडले, ते येथे मुद्दाम नोंदवतो. कादंबरीतल्या चिठ्ठ्यांचा नियम असा आहे. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी पडते, पुढे दरवर्षी एक वाढते आणि जुन्या तशाच राहतात. पण घरात खायला नसेल तर तुम्ही आणखी एक चिठ्ठी टाकून एका माणसाचे वर्षाचे धान्य आणि तेल घेऊ शकता. घरातल्या प्रत्येक माणसासाठी अशी चिठ्ठी टाकता येते. कॅटनिसच्या घरी तीन माणसे: ती, आई आणि बहीण. म्हणजे वर्षाला स्वतःची एक आणि धान्याच्या तीन, अशा चार. बारा ते सोळा ही पाच वर्षे. चार पंचे वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरात पाच माणसे. वर्षाला सहा, सात वर्षे, म्हणजे बेचाळीस. आणि ज्या मुलीचे वडील नगराध्यक्ष आहेत, तिच्या चार-पाचच. हे सारे मांडून झाल्यावर तो म्हणाला, “सर, चिठ्ठी सगळ्यांना सारखी आहे असं ते म्हणतात. पण सारखी नाही. ज्याच्या घरी धान्य नाही त्याच्याच चिठ्ठ्या जास्त.”

वर्ग गप्प झाला. थोड्या वेळाने मागून एक मुलगा म्हणाला, “उचलीसारखंच की.”

वाचकहो, नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून संधीची समानता आम्ही कैक वर्षे शिकवत आलो आहोत. दिसायला समान असलेला नियम विषम समाजात उतरला की गरिबावरच उलटतो, हे मुलांच्या इतके लख्ख ध्यानी आलेले आम्ही क्वचितच पाहिले होते. उचल घेणाऱ्याला ती घेण्याची कोणी सक्ती करत नाही, असेच वरवर दिसते. गरज सक्ती करते. बाबासाहेबांनी आयुष्यभर ज्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधले, ती हीच: कागदावरची समानता आणि जगण्यातली विषमता एकत्र नांदू शकतात. मुलाने हे एका अमेरिकन कादंबरीतल्या धान्याच्या चिठ्ठीवरून ओळखले. ते ओळखायला लागणारे ज्ञान त्याच्या घरातच होते. त्याला नाव देणारे पुस्तक तेवढे आम्ही चार वर्षे त्याच्या हाती दिले नव्हते.

आणि आता आमची चूक.

डिसेंबरातल्या पालकसभेत या पुस्तकाविषयी तक्रार आली. तक्रार करणारे गृहस्थ विद्यालयाचे जुने हितचिंतक आहेत आणि त्यांचा हेतू चांगलाच होता. मुलांनी मुलांना मारायचे, हा ज्या पुस्तकाचा विषय आहे ते पुस्तक बुद्धाच्या नावाने चालणाऱ्या विद्यालयात असावे काय? पहिले शील आपण रोज सकाळी म्हणतो, ते काय केवळ म्हणण्यापुरते? दुसऱ्या एका पालकांनी पुस्ती जोडली की पुढच्या वर्षी दहावी आहे, असल्या गोष्टींत वर्ष वाया जाईल. तिसरे म्हणाले, बाबासाहेबांची पुस्तके कपाटात असताना परक्या करमणुकीची काय गरज?

आम्ही घाबरलो. पुस्तक त्या मुलाकडून परत घेतले आणि कपाटात ठेवून कुलूप लावले. शेवटची सहा प्रकरणे राहिली होती. त्याने हुज्जत घातली नाही, कारणही विचारले नाही. खूण म्हणून ठेवलेली बसची तिकीटपट्टी काढून घेतली आणि पुस्तक टेबलावर ठेवले. जे मिळते ते कधीही काढून घेतले जाऊ शकते, हे त्याला फार आधीपासून ठाऊक असावे.

त्या आठवड्यात ग्रंथालय समितीची बैठक बसली. तेव्हा एक लाजिरवाणी गोष्ट उघड झाली: इंग्रजीच्या बाई सोडल्या तर समितीतल्या एकानेही ते पुस्तक वाचले नव्हते आणि बाईंचेही निम्मेच झाले होते. न वाचलेल्या पुस्तकाला आम्ही कुलूप लावले होते. आपल्या समाजाला कोणी न वाचता, न ऐकता दोषी ठरवले तर आपण संतापतो. येथे आम्ही तेच केले होते. मग आठ दिवसांची मुदत ठरली. बाईंनी उरलेले वाचले, आणखी दोघांनी संपूर्ण वाचले आणि मगच पुन्हा बसलो.

हिंसेचा आक्षेप खरा आहे आणि त्याला खरे उत्तर दिले पाहिजे. या पुस्तकात मुले मरतात. पण लेखिका त्या मरणाची मौज करत नाही. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम बदलत असताना एकीकडे स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्ये दिसली, दोन्ही एकमेकांत मिसळू लागली आणि त्या अस्वस्थतेतून ही कथा सुचली, असे कॉलिन्स यांनी सांगितलेले आहे. त्यांचे वडील हवाई दलात होते आणि व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते. युद्ध म्हणजे घरी बसून पाहायचे दृश्य नव्हे, हे त्या घरात कळत होते. कादंबरीत सर्वांत भयंकर कोण वाटतात, तर रंगीबेरंगी कपडे घालून पैजा लावणारे, बसून पाहणारे लोक. बैठकीत आम्ही त्या मुलालाही बोलावले होते. त्याने एकच वाक्य सांगितले: “पुस्तकात मारणाऱ्या पोरांपेक्षा बघणारे लोक वाईट आहेत. पहिल्यांदा मलाबी मारामारीच वाचायची होती. रू मेल्यावर नको वाटली.”

रू ही अकराव्या जिल्ह्यातली बारा वर्षांची मुलगी. तिचा जिल्हा शेतीचा. साऱ्या देशाचे धान्य आणि फळे पिकवणारा, आणि तेथेच लोक उपाशी. आपणच पिकवलेल्यातले काही खाल्ले तर चारचौघांत फटके बसतात. ही मुलगी मारली जाते तेव्हा कॅटनिस तिच्या देहाभोवती फुले ठेवते, जेणेकरून पाहणाऱ्यांना ती माणूस होती हे विसरता येऊ नये. मग अकराव्या जिल्ह्याचे भुकेले लोक आपल्या घासातून पैसे काढून कॅटनिसला भाकरी पाठवतात. शत्रू ठरवून दिलेल्या दोन जिल्ह्यांत एका भाकरीने नाते जुळते. करुणेचा पाठ याहून निराळा तो काय असतो?

शिवाय आपण आपल्याच कथांकडे पाहावे. बोटांची माळ गळ्यात घालणाऱ्या अंगुलिमालाची गोष्ट आपण दुसरी-तिसरीच्या मुलांना सांगतो. तीत रक्त आहे म्हणून ती वगळावी असे कोणी म्हणत नाही. त्या रक्ताच्या पलीकडे माणूस बदलू शकतो हे सांगायला ती गोष्ट आहे, हे आपण जाणतो. हिंसा दाखवणारे पुस्तक आणि हिंसा शिकवणारे पुस्तक यांत अंतर आहे आणि ते अंतर पुस्तक वाचल्यावाचून मोजता येत नाही. अमेरिकेतही 2010 आणि 2011 साली ग्रंथालयांतून काढा म्हणून सर्वाधिक हरकती आलेल्या दहा पुस्तकांत या पुस्तकाची गणना झाली होती, हे आम्हाला नंतर कळले. आमच्यासारखे घाबरणारे लोक सर्वत्र असतात, एवढेच त्यावरून दिसते.

पुस्तक परके आहे, या आक्षेपावर एक घडलेली गोष्ट सांगावीशी वाटते. कादंबरीत बाराव्या जिल्ह्याचे लोक कॅटनिसला निरोप देताना टाळ्या वाजवायला नकार देतात. डाव्या हाताची मधली तीन बोटे ओठांना लावून ती तिच्या दिशेने उंचावतात: आभार, आदर आणि प्रियजनाचा निरोप. 2014 साली थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा तेथील तरुणांनी विरोध म्हणून हीच तीन बोटे उंचावली आणि त्यासाठी काहींना पोलिसांनी ताब्यात घेतले. 2021 साली म्यानमारमध्येही लष्करी सत्तेविरुद्ध रस्त्यावर आलेल्या लोकांनी तीच खूण केली. दोन्ही देश बुद्धाला मानणारे. तेथील तरुणांना ही खूण परकी वाटली नाही. अशा दुःस्वप्नासारख्या राज्याच्या कथांना इंग्रजीत डिस्टोपियन म्हणतात. निराशा पसरवणे हे त्यांचे काम नव्हे. ‘हा नियम कोणी केला आणि तो आपण का पाळतो?’ हा प्रश्न विचारायला त्या शिकवतात. केवळ परंपरेने आले म्हणून किंवा मोठ्यांनी सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, असे कालामांना सांगणाऱ्या तथागतांच्या विद्यालयात या प्रश्नाचे वावडे असण्याचे कारण नाही.

आणि आधी बाबासाहेबांची पुस्तके, हा आग्रह? तो आम्हालाही प्रिय आहे. पण बाबासाहेबांच्या आयुष्यातलीच एक गोष्ट आठवावी. विद्यार्थी भीमरावांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बाबासाहेब काही न वाचणारे विद्यार्थी नव्हते, उलट बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाला गुरुजींनी हेरले होते. येथे पाहायचे ते देणाऱ्याकडे. गुरुजींनी मुलगा पाहिला आणि मग त्याला पुस्तक दिले. त्याचा सारांश मागितल्याचे कोठे ऐकिवात नाही. त्या एका भेटीतून काय उगवले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. आम्ही मात्र मुलगा न पाहता पुस्तके वाटत होतो आणि वाचनाचा उत्साह आला की कपाट बंद करत होतो.

पुस्तक त्याला परत दिले. त्याने ते चार दिवसांत संपवले. पालकसभेतल्या त्या हितचिंतक गृहस्थांनाही आम्ही दुसरी प्रत वाचायला दिली. त्यांना पुस्तक फारसे आवडले नाही, पण कुलूप नको, एवढे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. त्यांच्या या मोठेपणाची आम्ही येथे कृतज्ञतेने नोंद करतो.

आता पुढची हकिकत सांगतो आणि ती फुगवून सांगणार नाही. त्या एका पुस्तकाने मुलगा पट्टीचा वाचक झाला नाही. दुसरा भाग त्याने आवडीने वाचला, तिसरा मध्येच सोडला. इंग्रजीचे गुण थोडेसे वाढले, गणिताचे जेथे होते तेथेच राहिले. पुढे दोन महिने त्याने काही नेले नाही आणि आम्ही आमच्या स्वभावाप्रमाणे निराश झालो. मग एके दिवशी तो कपाटासमोर उभा राहून म्हणाला, “बाई, असंच आणखी काही आहे का? मराठीत असलं तरी चालंल.” चार वर्षांत प्रथमच त्याने आमच्याकडे स्वतःहून पुस्तक मागितले होते. आमच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला नंतर कळली. रविवारी मुलांना घरी फोन करायला मिळतो. त्या हंगामात तो फडावरच्या आईला फोनवरून कॅटनिसची गोष्ट सांगत असे. आईला अक्षरओळख नाही. एका रविवारी फोन लागताच तिने त्याची खुशाली विचारण्याआधी विचारले, “त्या पोरीच्या बहिणीचं पुढं काय झालं रे?” हे त्याने हसत हसत सांगितले. आम्हाला मात्र हसू आले नाही. कोयता हातात असलेली एक माता थंडीत, उसाच्या फडाच्या कडेला उभी राहून एका कादंबरीची वाचक झाली होती. आपल्या पुस्तकांची पोच कोठवर असू शकते, हे आम्ही आमच्या नोंदवहीत कधीच शोधू शकलो नसतो.

यंदापासून कपाटांची कुलपे काढली आहेत. काही पुस्तके हरवतील, काही फाटतील. बंद राहून वाळवीने खाण्यापेक्षा ते बरे. सारांशवही बंद केली आहे. ग्रंथालयात शिक्षा म्हणून कोणालाही बसवले जाणार नाही. बुधवारी रात्रअभ्यासाच्या शेवटी पंधरा मिनिटे कोणीतरी एक गोष्ट सांगतो आणि ती मुद्दाम अर्धी सोडतो.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, ग्रंथालयाला पुस्तके जरूर द्यावीत. परंतु देण्यापूर्वी एकदा वसतिगृहात येऊन मुलांशी बोलावे. आपल्याला शोभेल असे पुस्तक देण्यापेक्षा, चौदाव्या वर्षी आपण पांघरुणात दिवा घेऊन कोणते पुस्तक वाचले असते, ते आठवून द्यावे. स्पर्धा परीक्षांची पुस्तके कपाटात भरपूर आहेत. भीतीच्या, साहसाच्या, हसण्याच्या, न्याय-अन्यायाच्या गोष्टी कमी आहेत. त्या मराठीत असतील तर फारच उत्तम. हा मुलगा इंग्रजीतून वाट काढू शकला, पण त्याच्यासारखे कितीतरी जण पहिल्याच पानावर परत फिरले असतील.

पालकांना आमची विनंती याहून सोपी आहे. आपण शिकलेले असा वा नसा, रविवारच्या फोनवर गुणांची चौकशी झाली की एवढेच विचारावे: “सध्या काय वाचतोस? सांग बघू मला.” आणि तो सांगेल ते ऐकावे. पुस्तक आपल्याला विचित्र वाटले, तर हिसकावण्याआधी त्याच्याकडून पूर्ण गोष्ट ऐकून घ्यावी. आम्ही तसे केले नाही, आणि त्यामुळे एका मुलाचे आठ दिवस वाया घालवले.

त्या आठ दिवसांबद्दल आम्ही त्याची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, “जाऊ द्या सर.” मग थोडे थांबून त्याने विचारले, “ते पुस्तक परत कपाटात ठेवताना वरच्या फळीवर नका ठेवू. सहावीच्या पोरांचा हात पुरत नाही.”

पुस्तक आता खालच्या फळीवर आहे.